बहिणीची मज्जा, भावाचें शरीर

मी ज्या मुलुंडांत गेलीं चाळीस वर्षें राहतों, तें मुंबईचें ईशान्येकडील शेवटचें टोक आहे. त्याच्यापुढें ठाण्याची हद्द लागते. पश्चिमेस येऊरचा डोंगर, मधून लोहमार्ग, आणि डोंगराच्या पायथ्याकडे मुलुंड कॉलनी. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतांतून उठून आलेल्या निर्वासित कुटुंबांनीं वसविलेली ही वस्ती. तिच्या आसपास कच्छी लोहाणा व भानुशाली मंडळींचीं घरें आणि रुळांच्या पूर्वेकडे बहुसंख्य मराठी कुटुंबें, असा या उपनगराचा संसार आहे.

हा भूगोल मी उगाच सांगत नाहीं. थॅलेसेमिया नांवाचा रक्ताचा एक आनुवंशिक रोग आहे. त्याचें बीज बाळगणारे लोक आपल्या देशांत सरासरी शंभरांत तीन-चार आढळतात. परंतु सिंधी, लोहाणा, भानुशाली अशा कांहीं समाजांत हें प्रमाण कित्येक पट अधिक आहे. त्यामुळें दर दोन-चार आठवड्यांनीं रक्त घेण्यासाठीं रुग्णालयाची वाट चालणारीं मुलें आमच्या भागांत नवीन नाहींत. हा रोग म्हणजे पश्चिमेकडच्या मंडळींचें दुःख, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. ती खोटी ठरली. तो आमच्याच इमारतींत, एका मराठी कुटुंबांत, दोन जिने खालीं निघाला.

मुलगा आठ वर्षांचा. त्याला बारा वर्षांची एक बहीण. तपासणीअंतीं बहिणीची अस्थिमज्जा भावाच्या मज्जेशीं पूर्णपणें जुळते असें ठरलें. डॉक्टरांनीं मज्जारोपणाचा सल्ला दिला आणि आई-बापांनीं मनाची तयारी केली. अडून बसल्या त्या आजीबाई. मी जन्मभर जीवशास्त्र शिकविलें हें त्यांना ठाऊक होतें. एके दिवशीं संध्याकाळीं त्या जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, खरं सांगा. पोरीच्या हाडांतलं बीज पोराच्या हाडांत जायचं. मग पोर पुरुषच राहील ना? आणि पोरीचं काय? उद्यां तिचं लग्न व्हायचं आहे.”

मी हंसलों आणि चटकन् म्हणालों, “आजी, रक्ताला कुठं स्त्री-पुरुष असतं? कांहीं फरक नाहीं.”

आजीबाई उठून गेल्या. त्यांचें समाधान झालें नाहीं हें मला दिसलें. परंतु त्या रात्रीं मला खरी टोचणी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. मीं दिलेलें उत्तर धीर देणारें असलें, तरी तें खरें नव्हतें. ज्या म्हाताऱ्या बाईनें आयुष्यांत सूक्ष्मदर्शक पाहिला नाहीं, तिनें विचारलेला प्रश्न माझ्या उत्तरापेक्षां अधिक शास्त्रीय होता. आज तुमच्यापुढें मी जें बोलणार आहें, तें त्या प्रश्नाचें सविस्तर उत्तर समजावें.

प्रथम, हाडांतलें हें बीज म्हणजे काय तें पाहूं. आपल्या रक्तांतील लाल पेशी सुमारें १२० दिवस जगतात आणि मग मोडून जातात. त्यांची भरपाई करण्यासाठीं निरोगी प्रौढाचें शरीर दर सेकंदास सुमारें वीस लक्ष नव्या लाल पेशी तयार करीत असतें. हा कारखाना हाडांच्या पोकळींतील मज्जेंत चालतो, आणि त्याचें मूळ भांडवल म्हणजे तेथील थोड्याशा मूलपेशी. मूलपेशीचा विशेष असा, कीं ती दुभंगते तेव्हां स्वतःसारखी दुसरी मूलपेशीहि निर्माण करूं शकते, आणि लाल, पांढऱ्या वगैरे निरनिराळ्या पेशींचें रूपहि घेऊं शकते. शेतकरी पिकांतलें थोडें धान्य खातो व थोडें पुढच्या पेरणीला राखतो, तसेंच हें. रक्ताच्या मूलपेशींचें हें सामर्थ्य १९६१ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें जेम्स टिल व अर्नेस्ट मकुलक या दोघांनीं उंदरांवरील प्रयोगांनीं दाखवून दिलें.

अशा बियाण्याचें रोपण माणसांत करण्याची विद्या अमेरिकेंत डॉ. डॉनल थॉमस यांनीं सिद्ध केली. त्याबद्दल त्यांना १९९० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ही विद्या आपल्याकडे आणण्याचें श्रेय मुंबईकडे जातें. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९८३ सालीं डॉ. सुरेश अडवाणी व त्यांचे सहकारी यांनीं भारतांतील पहिलें यशस्वी मज्जारोपण केलें. बालपणीं झालेल्या पोलिओमुळें डॉ. अडवाणी चाकाच्या खुर्चींत बसून रुग्ण तपासतात, ही गोष्टहि सांगण्याजोगी आहे. ज्याला स्वतःला चालतां येत नाहीं, त्यानें किती घरांना पुन्हा उभें केलें!

आतां स्त्री-पुरुष भेदाकडे वळूं. आपल्या शरीरांतील केंद्रक असलेल्या बहुतेक प्रत्येक पेशींत ४६ गुणसूत्रें असतात. त्यांपैकीं ४४ स्त्री-पुरुषांत सारखीं. उरलेल्या दोहोंत भेद. स्त्रीच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रें, पुरुषाच्या पेशींत एक एक्स व एक वाय. एक्स हें मोठें घराणें आहे; त्यावर आठशेंहून अधिक प्रथिनांच्या जनुकांची वस्ती. वाय हें त्या मानानें लहानसें बिऱ्हाड. त्यावर शंभराच्या आसपास. परंतु त्या बिऱ्हाडांत एक मोठा अधिकारी राहतो. गर्भाच्या पहिल्या सुमारें सहा आठवड्यांत मुलगा व मुलगी यांचीं जननेंद्रियें एकाच साच्याचीं असतात; वाय गुणसूत्रावरील एक जनुक जागें झालें म्हणजे त्या साच्यांतून वृषण घडूं लागतें आणि पुढची पुरुषी घडण त्यामागून येते. हें जनुक १९९० सालीं लंडनच्या शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें.

येथें एक चमत्कारिक अडचण उभी राहते. स्त्रीपाशीं एक्स गुणसूत्रें दोन, पुरुषापाशीं एकच. मग स्त्रीच्या प्रत्येक पेशींत त्या आठशें जनुकांचें काम दुप्पट व्हावयास पाहिजे. तसें होत नाहीं. याचें कारण कळण्याची सुरुवात एका मांजरापासून झाली. १९४९ सालीं कॅनडांत मरे बार व त्यांचा विद्यार्थी बर्ट्रम हे मांजरांच्या मज्जापेशी, म्हणजे चेतासंस्थेच्या पेशी, तपाशीत होते. मांजरीच्या पेशींच्या केंद्रकांत त्यांना एक गडद ठिपका दिसला. बोक्याच्या पेशींत तो नव्हता. पुढें १९६१ सालीं इंग्लंडांत मेरी लायन या विदुषीनें त्या ठिपक्याचा अर्थ उलगडला. मादीचा गर्भ अगदीं बाल्यावस्थेंत असतांना त्याची प्रत्येक पेशी दोन एक्सपैकीं एकास मिटवून ठेवते. तो गडद ठिपका म्हणजे हें गुंडाळून ठेवलेलें गुणसूत्र. आणि कोणतें मिटवावयाचें, आईकडचें कीं बापाकडचें, याचा निर्णय प्रत्येक पेशी आपल्यापुरता घेते. एकदां घेतला म्हणजे तिच्या सर्व वंशजांना तो बंधनकारक होतो.

तुमच्या वाड्यांत किंवा इमारतीखालीं एखादें काळें, पिवळें व पांढरें असें तीनरंगी मांजर असेल तर तें जवळून पाहा. तें जवळजवळ निश्चितपणें मादीच निघेल. काळ्या व पिवळ्या रंगाची निवड करणारें जनुक एक्स गुणसूत्रावर असतें. कांहीं पेशींनीं काळा एक्स चालू ठेवला, कांहींनीं पिवळा. त्यांच्या वंशजांचे ठिगळ अंगावर पडले. पांढऱ्याचें कारण निराळें आहे. तेव्हां सारांश असा, कीं प्रत्येक स्त्री ही आंतून अशीच दोन रंगांची गोधडी असते. मात्र तिची गोधडी डोळ्यांना दिसत नाहीं.

ही नुसती गंमत नव्हे. रक्त न गोठण्याचा जो हीमोफिलिया रोग, त्याचें जनुक एक्सवर आहे. मुलास तें सदोष मिळालें तर त्याला पर्याय नाहीं; मुलीच्या सुमारें निम्म्या पेशींत बहुधा दुसरें, निर्दोष जनुक काम करीत असतें, आणि तिचें निभावतें. मुंबईच्या पारशी समाजांत जी-सिक्स-पी-डी या लाल पेशींतील द्रव्याची उणीव बरीच आढळते. तिचेंहि जनुक एक्सवरच आहे. असा दोष वाहणाऱ्या बाईच्या रक्तांत सदोष व निर्दोष अशा दोन तऱ्हांच्या लाल पेशी शेजारीं शेजारीं वाहतांना दिसतात. तिच्या मज्जेंतील कांहीं मूलपेशी एका वाटेनें गेल्या व कांहीं दुसऱ्या, याचा तो पुरावा होय.

शिवाय मिटविलेलें गुणसूत्रहि सर्वस्वीं मुकें नसतें. त्यावरील सुमारें पंधरा टक्के जनुकें माणसांत थोडींबहुत बोलतच राहतात. रोगप्रतिकाराशीं संबंध असलेलीं कांहीं जनुकें त्यांत आहेत. ल्यूपस नांवाच्या रोगांत शरीराची संरक्षक फौज स्वतःवरच उठते. त्या रोगाच्या दहा रुग्णांत सुमारें नऊ स्त्रिया असतात. एक्स मिटविणाऱ्या यंत्रणेचाच या उठावाशीं संबंध असल्याचें उंदरांवरील प्रयोगांतून २०२४ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. दुसऱ्या बाजूनें पुरुषाचीहि एक उणीव आहे. वय वाढत जातें तसतसें त्याच्या मज्जेंतील कांहीं मूलपेशींतून वाय गुणसूत्र गळून पडतें. सत्तरीच्या सुमारास दहांपैकीं चार पुरुषांच्या रक्तांत अशा वायहीन पेशी सांपडतात, आणि ज्यांच्यांत त्या पुष्कळ असतात त्यांच्यांत कांहीं रोगांचें प्रमाण अधिक दिसतें. तेव्हां बळकटपणाचा टेंभा कोणीच मिरवूं नये.

मूलपेशींच्या वागणुकींतहि भेद आहे. २०१४ सालीं अमेरिकेंत, टेक्सस राज्यांतील डॅलस येथें, असें आढळून आलें कीं मादी उंदरांच्या रक्ताच्या मूलपेशी नरांच्या मूलपेशींपेक्षां अधिक वेळां दुभंगतात. हा वेग स्त्रीबीजकोशांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या रसाचा. बीजकोश काढून टाकले म्हणजे तो मंदावतो, आणि गर्भारपणांत तो आणखी वाढतो. यांतील हेतु उघड आहे. गर्भार स्त्रीच्या शरीरांतील रक्ताचें प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनीं वाढतें. तें कोठून येणार? त्याआधीं २००७ सालीं पिट्सबर्ग येथें उंदरांच्या स्नायूंतील मूलपेशींची तुलना झाली होती, आणि दुखावलेले स्नायु पुन्हा भरून काढण्यांत मादीच्या पेशी सरस ठरल्या होत्या. हे प्रयोग उंदरांवरचे; ते माणसाला जसेच्या तसे लावतां येत नाहींत. परंतु प्रयोगशाळेंतील पेशी स्त्रीची कीं पुरुषाची हें न पाहतां काढलेले निष्कर्ष कच्चे राहतात, एवढें त्यांनीं नक्की शिकविलें.

गंमत अशी, कीं ही गोष्ट शास्त्रज्ञांच्याहि पुष्कळ दिवस ध्यानांत नव्हती. माणसाच्या गर्भांतील मूलपेशी प्रयोगशाळेंत प्रथम वाढविल्या त्या १९९८ सालीं विस्कॉन्सिन येथें जेम्स थॉमसन यांनीं. त्यांच्या पांच वंशांपैकीं तीन पुरुषाचे व दोन स्त्रीचे होते. पुढें जगभर निबंध निघाले, पण पुष्कळांत वापरलेली पेशी कोणत्या लिंगाची याचा उल्लेखहि नसे. आपल्या मुंबईंतहि, परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेंत, असे दोन वंश तयार झाले. ‘काइंड-एक’ व ‘काइंड-दोन’ या नांवांनीं त्यांची माहिती २००९ सालीं प्रसिद्ध झाली. प्रौढाच्या कातडीच्या पेशीला मागें नेऊन मूलपेशी बनविण्याची किमया जपानच्या शिन्या यामानाका यांनीं २००६ सालीं उंदरांत व २००७ सालीं माणसांत साधली. त्यानंतर एक खोड लक्षांत आली. स्त्रीच्या अशा पेशी बरेच दिवस भांड्यांत वाढविल्या, म्हणजे मिटवून ठेवलेल्या एक्सची घडी हळूहळू उलगडूं लागते. मग त्या पेशींवर एखाद्या रोगाची परीक्षा केली तर उत्तर चुकतें. पुरुषाच्या पेशींत ही घडीच नसल्यामुळें ती अडचण येत नाहीं. शेवटीं २०१४ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनीं जाहीर केलें, कीं प्राण्यांवर व पेशींवर प्रयोग करणारांनीं यापुढें नर व मादी या दोहोंचा समतोल राखला पाहिजे. आजीबाईंनीं जिना चढून विचारलेला प्रश्न मोठमोठ्या संस्थांनीं असा उशीरा विचारला.

आतां मूळ प्रश्नाकडे. बहिणीची मज्जा भावाला चालते काय?

प्रथम हें लक्षांत घ्यावें, कीं जुळणीचा स्त्री-पुरुषपणाशीं संबंध नाहीं. मज्जा जुळते कीं नाहीं हें ठरविणारीं मुख्य जनुकें सहाव्या गुणसूत्रावर असतात, आणि सहावें गुणसूत्र भावाबहिणींना सारख्याच रीतीनें वांटलें जातें. सख्खें भावंड पूर्णपणें जुळण्याचा संभव चारांत एक. तें भावंड भाऊ असो कीं बहीण. थॅलेसेमियाचें सदोष जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. म्हणून हा रोग मुलग्यांना व मुलींना सारखाच होतो, आणि तो केवळ आईकडून किंवा केवळ बापाकडून येत नाहीं. दोघेहि बीजवाहक असतील तरच प्रत्येक खेपेस चारांत एक अपत्य रोगी निपजण्याची भीति असते. सुनेच्या माहेराला बोल लावणाऱ्या सासवांनीं हें वाक्य दोनदां ऐकावें.

दुसरी गोष्ट. भावाला जें हवें आहे तें लाल पेशींतील निर्दोष हीमोग्लोबिन. लाल पेशी पक्व होतांना आपलें केंद्रकच टाकून देते. तिच्यांत एक्सहि राहत नाहीं आणि वायहि राहत नाहीं. तेव्हां प्राणवायु वाहणाऱ्या त्या लाल कणाला खरोखरच स्त्री-पुरुषपण नाहीं. माझ्या चुकीच्या उत्तरांतील एवढा भाग मात्र खरा होता.

परंतु पांढऱ्या पेशी केंद्रक बाळगतात, आणि तेथें भेद आहे. पुरुषाच्या पेशींवर वाय गुणसूत्रामुळें घडलेलीं कांहीं प्रथिनांचीं चिन्हें असतात. स्त्रीच्या संरक्षक पेशींनीं तीं कधीं पाहिलेलीं नसतात. बहिणीच्या पांढऱ्या पेशी भावाच्या शरीरांत गेल्या, म्हणजे त्या चिन्हांना परकीं समजून त्यांनीं घरधन्यावरच हत्यार उचलावें असा धोका कांहीं प्रमाणांत राहतो. दात्या स्त्रीनें पूर्वीं मुलग्यांना जन्म दिला असेल तर तिच्या पेशींना त्या चिन्हांची ओळख आधींच पटलेली असते, आणि धोका अधिक वाढतो. रक्ताच्या कर्करोगांत हाच धोका कांहीं अंशीं उपकारक ठरतो, कारण त्या पेशी उरलेल्या कर्कपेशींनाहि परक्या समजून मारतात. थॅलेसेमियांत मारण्यासारखें कांहीं नसतें. म्हणून तेथें हा तंटा नुसता तोट्याचा. यासाठीं मुलग्याला दोन भावंडें सारखींच जुळत असलीं तर डॉक्टर पुष्कळदां भावाची निवड करतात. पण बहीण एकटीच जुळत असेल, आणि ती बारा वर्षांची असेल, तर तेवढ्या कारणावरून तिला नाकारीत नाहींत. औषधांनीं त्या तंट्याला आवर घालतां येतो.

तिसरी गोष्ट आजीबाईंच्या खऱ्या भीतीची. मज्जा रुजल्यावर भावाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी तपासल्या तर त्यांत दोन एक्स गुणसूत्रें दिसतात, म्हणजे रक्त बहिणीचें झालेलें असतें. स्त्रीच्या कांहीं पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला ढोल वाजविण्याच्या टिपरीसारखा एक बारीक गोंडा असतो. तो १९५४ सालीं ओळखला गेला. तो गोंडाहि भावाच्या रक्तांत दिसूं लागतो. रोपण रुजलें कीं नाहीं हें पाहण्याची ही एक सोयीची खूणच आहे. वाय गुणसूत्र रंगवून पाहावयाचें आणि तें दिसेनासें झालें कीं समाधान मानावयाचें. पण पुरुषपण रक्ताच्या पेशींत नसतें. तें वृषणांत, त्यांच्या रसांत आणि उरलेल्या साऱ्या देहाच्या पेशींत असतें, आणि तेथें वाय जागच्या जागींच राहतें. आवाज फुटेल, मिसरूड फुटेल, सर्व कांहीं वेळेवर व्हावयाचें. रोपणापूर्वीं जुनी मज्जा नष्ट करण्यासाठीं जीं तीव्र औषधें द्यावीं लागतात, त्यांनीं मात्र पुढें अपत्य होण्यास बाध येऊं शकतो. हें डॉक्टरांपाशीं आधींच मोकळेपणानें बोलून घ्यावें. हा दोष औषधांचा, बहिणीच्या मज्जेचा नव्हे. आणि त्याला मुलें झालीं तर तीं त्याच्याच बीजाचीं. म्हणून थॅलेसेमियाचें जनुकहि तो त्यांना देईल. रक्त बरें झालें तरी बीज बदलत नाहीं, हें त्याच्या लग्नाच्या वेळीं विसरूं नये.

आणि मुलीचें काय? भूल देऊन कमरेच्या हाडांतून मज्जा काढतात. चार दिवस कंबर ठणकते. काढलेली मज्जा कांहीं आठवड्यांत पुन्हा भरून येते, कारण भांडवल शिल्लकच असतें. तिच्या वाढीला, लग्नाला किंवा पुढें मातृत्वाला त्यानें बाध येत नाहीं.

हें सर्व घेऊन मी दुसऱ्या दिवशीं दोन जिने खालीं उतरलों. “आजी,” मी म्हणालों, “काल मी चुकीचं बोललों. फरक आहे.” त्या दचकल्या. मग मीं वरील साऱ्या गोष्टी मला जमतील तितक्या सोप्या करून सांगितल्या. त्या ऐकत होत्या, पण मान हलत नव्हती. शेवटीं मीं विचारलें, “आजी, तुम्हांला मुलगे किती?” “तीन.” “मग ऐका. १९९६ सालीं अमेरिकेंत डायना बियांकी नांवाच्या डॉक्टरीणबाईंनीं आणि त्यांच्या सोबत्यांनीं मुलग्यांच्या आयांचं रक्त तपासलं. त्यांत मुलाच्या पेशी सांपडल्या. गर्भांत असतांना नाळेवाटे आलेल्या. आणि एका आईच्या रक्तांत तर बाळंतपणानंतर सत्तावीस वर्षांनीं सुद्धां. तुमच्याहि अंगांत तुमच्या मुलांच्या पुरुषी पेशी कदाचित् अजून नांदत असतील. त्यानं तुमचं बाईपण कुठं गेलं का?”

आजीबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग आपल्या हाताकडे पाहून म्हणाल्या, “सत्तावीस वर्षं? माझ्या धाकट्याला जाऊन एकोणीस झालीं.” मला पुढें बोलवेना. त्या उठल्या, आंत गेल्या, आणि सुनेला म्हणाल्या, “दवाखान्यांतली तारीख घेऊन टाका.”

रोपण झालें. पहिले तीन महिने त्या घरानें कसे काढले हें सांगत बसत नाहीं. ताप आला कीं सारी इमारत जागी असे. आज दोन वर्षें झालीं, मुलाला बाहेरचें रक्त द्यावें लागत नाहीं. परवां जिन्यांत बहीणभाऊ भांडत होते. ती म्हणाली, “माझ्या रक्तावर उड्या मारतोस!” तो म्हणाला, “मग परत घे!” तेव्हां सर्व ठीक चाललें आहे असें मीं समजलों.

श्रोतेहो, निरोप घेण्यापूर्वीं दोन गोष्टी. पहिली व्यवहाराची. लग्न ठरवितांना, निदान पहिल्या गर्भारपणाच्या आरंभीं तरी, दोघांचीहि हीमोग्लोबिन ए-टू ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. बीजवाहक असणें हा रोग नव्हे आणि कलंक तर नव्हेच. घरांत रोगी मूल असेल तर खचून जाऊं नये. बोरिवली पूर्वेस महानगरपालिकेनें या मुलांसाठीं मज्जारोपणाचें केंद्र उभारलें आहे, आणि जुळणारें भावंड असलेल्या गरजू मुलांना रोपणासाठीं दहा लाख रुपयांपर्यंत साह्य देणारी कोल इंडियाची योजना २०१७ सालीं सुरू झाली. डॉक्टरांना तिच्याविषयीं अवश्य विचारावें.

दुसरी गोष्ट मला अधिक बोंचते. थॅलेसेमिया मुलग्यांना व मुलींना सारखाच होतो हें मीं सांगितलें. असें असतां आपल्या देशांत रोपणासाठीं आणलेल्या रुग्णांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षां ठळकपणें अधिक भरते. मूत्रपिंडाच्या बाबतींत तर हिशेब सर्वांना ठाऊक आहे: देणाऱ्या बहुतेक आया व बायका, घेणारे बहुतेक पुरुष. बहिणीची मज्जा भावाला चालेल काय, असा प्रश्न मला आजीबाईंनीं विचारला. बहीण आजारी असती, तर भावाच्या मज्जेसाठीं आपण दवाखान्याची तारीख घेतली असती काय, हा प्रश्न मला अजून कोणी विचारलेला नाहीं. पेशींतला भेद निसर्गानें केला आहे आणि त्याला कांहीं कारण आहे. हा दुसरा भेद कोणी केला, याचें उत्तर शोधावयास सूक्ष्मदर्शक लागत नाहीं.